पूर्ण पाथच का मागायचा? फाइल बदलणाऱ्या एका टूलच्या वर्णनाची ओळवार तपासणी

ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने क्लॉड ३.५ सॉनेट या आपल्या भाषा-मॉडेलची सुधारित आवृत्ती आणली आणि एसडब्ल्यूई-बेंच व्हेरिफाइड या चाचणीसंचावर ४९ टक्के प्रश्न सुटल्याचे जाहीर केले. तोवरचा सर्वांत वरचा आकडा ४५ टक्के होता. मात्र टूल बनवणाऱ्यांच्या खऱ्या कामाची गोष्ट नंतर आली. ही चाचणी देणाऱ्या एजंटची (मॉडेल आणि त्याला वापरायला दिलेली टूल मिळून झालेल्या प्रणालीची) सगळी रचना कंपनीने, टूलच्या वर्णनांच्या शब्दशः मजकुरासह, खुली केली. मॉडेलला टूल कसे समजावून सांगितले आणि त्यात कुठे ठेच लागली, हे दोन्ही एकाच ठिकाणी वाचायला मिळणे दुर्मीळ असते. म्हणून हे प्रकरण अभ्यासाला घेतले आहे.

चाचणीसंच असा आहे: खुल्या पायथॉन प्रकल्पांत (जँगो, सिमपाय, सायकिट-लर्न, मॅटप्लॉटलिब वगैरे) लोकांनी नोंदवलेल्या खऱ्या तक्रारी. मूळ संचात २,२९४ प्रश्न आहेत. त्यांतले माणसांनी तपासून निवडलेले ५०० म्हणजे ‘व्हेरिफाइड’. एजंटला तक्रारीचा मजकूर आणि त्या वेळचा कोड मिळतो. त्याने कोड दुरुस्त करायचा. मग त्याला न दाखवलेल्या चाचण्या चालवून निकाल लावला जातो. एजंटची रचना मुद्दाम साधी ठेवलेली होती: एक प्रॉम्प्ट आणि दोन टूल. एक टूल बॅश शेलमध्ये आज्ञा चालवते, दुसरे फाइल पाहते आणि बदलते. मॉडेल स्वतः थांबेपर्यंत किंवा दोन लाख टोकनांची (मॉडेल मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत मोजते त्यांची) मर्यादा भरेपर्यंत चक्र चालू राहते.

वर्णनात काय होते

संपादनाच्या टूलमध्ये पाच आज्ञा होत्या: व्ह्यू, क्रिएट, स्ट्र-रिप्लेस, इन्सर्ट आणि अनडू-एडिट. वर्णनातल्या ओळींचा आशय साधारण असा: पाथ (फाइल किंवा फोल्डरचा पत्ता) फाइलचा असेल तर व्ह्यू ओळ-क्रमांकांसह मजकूर दाखवेल, फोल्डरचा असेल तर दोन पातळ्यांपर्यंतची न लपवलेली नावे देईल. फाइल आधीच असेल तर क्रिएट चालणार नाही. उत्तर फार लांबले तर ते कापले जाईल आणि तशी खूण दिसेल. स्ट्र-रिप्लेससाठी ‘ओल्ड-स्ट्र’मध्ये मूळ फाइलमधल्या सलग ओळी जशाच्या तशा द्याव्यात, मोकळ्या जागांकडे लक्ष द्यावे, आणि तो मजकूर फाइलमध्ये एकदाच येईल इतका आजूबाजूचा भाग सोबत घ्यावा. ‘पाथ’ या पॅरामीटरच्या वर्णनात एक वाक्य आणि एक नमुना होता: पूर्ण पाथ, उदाहरणार्थ ‘/रेपो/फाइल.पीवाय’.

बॅशच्या वर्णनात इंटरनेट नाही, शेलची अवस्था पुढच्या आज्ञेपर्यंत टिकते, खूप मजकूर ओकणाऱ्या आज्ञा टाळाव्यात, वेळखाऊ काम पार्श्वभूमीला टाकावे, अशा सूचना होत्या. फाइलच्या ठरावीक ओळी पाहायला ‘सेड’ या शेलमधल्या मजकूर-साधनाची एक तयार आज्ञाही दिलेली होती.

इथे पहिली हरकत घेता येते. ओळींचा पल्ला पाहण्याची सोय व्ह्यूमध्येही आहे, म्हणजे एकाच कामाचे दोन रस्ते दोन वर्णनांनी स्वतःच दाखवून दिले. वाचण्यापुरते यात नुकसान नाही. पण कोणते टूल कधी निवडायचे याचे वाक्य दोन्हीकडे नाही, आणि मूल्यमापन करणाऱ्याला त्याचा त्रास होतो: मॉडेलने शेलमधून ‘सेड’ने फाइल परस्पर बदलली, तर ती चूक धरायची की चालणारा पर्याय, हे वर्णनावरून ठरत नाही. तपासणीला हात घालण्याआधी हा निर्णय लिहून ठेवावा लागतो. नाहीतर दोन तपासणारे एकच लॉग (धावेची नोंद) वाचून दोन निष्कर्ष काढतात.

पाथची चूक नेमकी कुठे होती

अँथ्रॉपिकने नोंदवलेली अडचण अशी: एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर गेला की सापेक्ष पाथ (सध्याच्या फोल्डरपासून धरलेला पत्ता) देताना चुकायचा. उपाय म्हणून टूलने पूर्ण पाथच मागायला सुरुवात केली. कारण रचनेतच दिसते. शेलमध्ये ‘सीडी’ करून एजंट आतल्या फोल्डरमध्ये जातो आणि शेल ते लक्षात ठेवते. संपादनाचे टूल वेगळे आहे, त्याला शेल कुठे उभे आहे याचा पत्ता नसतो. मॉडेलच्या डोक्यात एक ‘इथे’, टूलच्या हिशेबात दुसरे.

‘वर्णन सुधारले आणि चूक गेली’ असे या दुरुस्तीबद्दल सहज म्हटले जाते, पण त्यात तीन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. वर्णनात वाक्य आणि नमुना आला, टूल सापेक्ष पाथ नाकारू लागले, आणि नाकारताना मॉडेलला एरर मेसेज मिळू लागला. यांतली कोणती किती उपयोगी पडली हे वेगळे काढायचे असेल तर चार चाली, म्हणजे चार वेगळ्या मांडण्या, चालवाव्या लागतात:

वर्णनात सूचना नाही, टूल काहीही स्वीकारते. ही पायारेषा.
सूचना आहे, टूल काहीही स्वीकारते. फरक पडला तर तो फक्त शब्दांचा.
सूचना नाही, टूल नाकारते. मॉडेल पहिल्यांदा आपटते, मग शिकते. प्रत्येक प्रश्नात एखादी फेरी वाया जाते.
सूचना आणि नकार दोन्ही.

दुसऱ्या आणि चौथ्या चालीतला फरक सगळ्यांत बोलका असतो. दुसऱ्या चालीतच सापेक्ष पाथ जवळजवळ संपले, तर वाक्य पुरेसे आहे, नकार केवळ विमा. तिथे पाच-दहा टक्के उरले, तर ते मॉडेल लांबच्या संभाषणात सूचना विसरत असल्याचे लक्षण. अशा वेळी वाक्य ठळक करून, ‘कधीही’, ‘अजिबात’ असे शब्द वाढवून उपयोग होत नाही, नियम कोडमध्येच घालावा लागतो. जो नियम कोड पाळू शकतो तो केवळ मजकुरावर सोपवणे हा आळस आहे, मग तो मजकूर कितीही सुंदर असो.

पायारेषेच्या चालीत एक सापळा आहे. सापेक्ष पाथ देऊन व्ह्यू केले तर ‘फाइल नाही’ असा एरर येतो आणि तो मोजता येतो. पण सापेक्ष पाथ देऊन क्रिएट केले तर काहीच एरर येत नाही. फाइल भलत्या फोल्डरमध्ये तयार होते, टूल ‘झाले’ म्हणते, एजंट पुढे जातो, आणि शेवटी चाचणी पडते. फक्त एरर मोजणाऱ्याच्या तक्त्यात ही फेरी निर्दोष दिसते. म्हणून प्रत्येक धाव संपल्यावर ‘गिट स्टेटस’ (बदललेल्या फाइलींची यादी देणारी आज्ञा) घेऊन कुठे नव्या फाइली पडल्या हे पाहावे, आणि रेपोच्या (प्रकल्पाच्या फोल्डरच्या) बाहेर काही तयार झाले का याचीही वेगळी यादी काढावी.

नकाराच्या मेसेजमध्ये टूलने ‘तुम्हाला हा पाथ म्हणायचा होता का?’ असे सुचवावे, ही कल्पना चांगली आहे, पण सुचवलेला पाथ खरोखर पूर्ण आहे का ते तपासावे. पायथॉनमध्ये रिकाम्या पाथला सापेक्ष पाथ जोडला तर तोच सापेक्ष पाथ परत मिळतो. मग मेसेज म्हणतो ‘हे चुकले, त्याऐवजी हे द्या’, आणि दोन्ही ठिकाणी एकच मजकूर असतो. माणूस हसून सोडून देईल. मॉडेल मात्र तोच पाथ पुन्हा पाठवू शकते. टूलच्या मूल्यमापनात एरर मेसेजचा मजकूर वर्णनाचाच भाग धरावा, कारण मॉडेल तो ऐन गरजेच्या क्षणी वाचते.

‘जशाच्या तशा’ म्हणजे किती जशाच्या तशा

संपादन कसे सांगायचे याचे अनेक प्रकार अँथ्रॉपिकने करून पाहिले आणि मजकूर-बदल सर्वांत भरवशाचा ठरला: जुना मजकूर द्या, नवा द्या, आणि जुना नेमका एकदाच सापडला तरच बदल होईल. न सापडला किंवा जास्त वेळा सापडला तर त्या-त्या कारणाचा एरर. ओळ-क्रमांकांवर आधारलेले संपादन पहिल्या बदलानंतर लगेच अडचणीत येते, कारण खालचे सगळे क्रमांक सरकतात आणि मॉडेलच्या संदर्भात जुनेच आकडे पडून असतात.

इथे मोजायच्या चुका दोन आहेत आणि त्या वेगळ्या ठेवाव्यात. ‘सापडला नाही’ याचा अर्थ मॉडेलने मजकूर आठवणीतून लिहिला, किंवा जागा-टॅब चुकवले, किंवा मधल्या काळात फाइल बदलली. ‘अनेकदा सापडला’ याचा अर्थ आजूबाजूचा भाग कमी घेतला. ‘पुरेसा संदर्भ घ्या’ हे वाक्य दुसऱ्या चुकीवर चालते, पहिल्यावर नाही. दोन्हींची बेरीज करून ‘संपादन अपयश’ असा एकच आकडा काढला की वाक्याचा परिणाम त्यात बुडतो. ‘मोकळ्या जागांकडे लक्ष द्या!’ या ओळीबद्दल शंका घ्यायला जागा आहे. लक्ष द्यायचे म्हणजे काय करायचे, हे ती सांगत नाही. ‘व्ह्यूच्या उत्तरात ओळ-क्रमांकानंतर टॅब येतो, तो ओल्ड-स्ट्रमध्ये घेऊ नका’ असे लिहिले तर मॉडेलला करण्यासारखे काही हाती लागते.

वर्णन आणि टूलचे वागणे जुळते का, ही तपासणी मॉडेलशिवाय करता येते आणि ती सर्वांत आधी करावी. संपादन-टूलच्या काही अंमलबजावण्या जुळणी सोपी व्हावी म्हणून फाइलमधले टॅब स्पेसमध्ये बदलून घेतात आणि फाइल तशीच परत लिहितात. वर्णन ‘तंतोतंत’ म्हणते, टूल तसे वागत नाही. पायथॉनच्या फाइलींत हे बहुधा खपून जाते. मेकफाइलमध्ये (प्रोग्राम बांधण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) टॅबला अर्थ असतो, तिथे एका ओळीच्या दुरुस्तीने अख्खी फाइल निकामी होते. वर्णनातल्या प्रत्येक विधानाला एक साधी युनिट टेस्ट लावली तर असे खोटे विधान अर्ध्या तासात सापडते: दोन पातळ्या म्हणजे खरोखर दोनच का, लपवलेल्या फाइली वगळल्या जातात का, कापलेल्या उत्तराला खूण येते का, अनडू दोनदा केले तर काय होते.

मराठी मजकूर असलेल्या कोडवर हे टूल चालवणाऱ्यांसाठी एक खास खाच आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवला जातो: नुक्ता असलेले स्वतंत्र ऱ अक्षर, र आणि सुटा नुक्ता, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पहिले दोन युनिकोडच्या सामान्यीकरणाने एक होतात, तिसरा होत नाही. पडद्यावर सगळे सारखेच दिसतात. भाषांतराच्या फाइलीत एक प्रकार असेल आणि मॉडेलने दुसरा लिहिला तर ‘सापडला नाही’ हा एरर येतच राहतो, आणि लॉग वाचणाऱ्याला दोन्ही मजकूर तंतोतंत सारखे दिसतात. अशा वेळी वर्णन बदलत बसण्यापेक्षा एरर मेसेजमध्ये सर्वांत जवळची ओळ आणि जिथे फरक पडला त्या अक्षराचा सांकेतिक क्रमांक द्यावा.

अंतिम गुण पाहून काहीच का कळत नाही

टूलच्या वर्णनात एक ओळ घातली, संच पुन्हा चालवला, गुण ४९ वरून ५१ झाले: ओळ चांगली? ५०० प्रश्नांवर ४९ टक्क्यांची प्रमाण-त्रुटी सुमारे २.२ टक्के बिंदू येते, म्हणजे ९५ टक्के खात्रीचा पट्टा दोन्हीकडे साधारण ४.४ बिंदूंचा. दोन बिंदूंचा फरक त्यात सहज मावतो.

तेच प्रश्न दोन्ही वेळा वापरले असल्याने जोडीने तुलना करता येते आणि ती जास्त धारदार असते. समजा, ४७० प्रश्नांचा निकाल बदललाच नाही, २० नव्याने सुटले आणि १० नव्याने बिघडले. निव्वळ फायदा दोन बिंदूंचा. पण नाणे फेकूनही ३० पैकी २० किंवा त्याहून एकतर्फी निकाल दहापैकी जवळपास एका वेळी येतो. एका ओळीवर पैज लावायला एवढे पुरत नाही. शिवाय तीच आवृत्ती दोनदा चालवली तरी काही प्रश्न उलटसुलट होतात, त्यामुळे आधी ‘जुने विरुद्ध जुने’ अशी एक धाव घेऊन हा स्वाभाविक हेलकावा किती आहे ते पाहावे. ही धाव खर्चिक वाटते म्हणून बहुतेक जण टाळतात, आणि मग हेलकाव्यालाच सुधारणा म्हणतात.

प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या एसडब्ल्यूई-एजंटच्या कामात टूलचे भाग एकेक काढून पाहिले होते. एसडब्ल्यूई-बेंचच्या ३०० प्रश्नांच्या लाइट संचावर त्यांचा पूर्ण एजंट १८ टक्के प्रश्न सोडवायचा. संपादनाच्या आज्ञेतली वाक्यरचना-तपासणी काढली की १५, आणि संपादनाची आज्ञाच काढली की १०.३. आज्ञा काढल्याचा फरक ठसठशीत आहे. तपासणी काढल्याचा फरक मात्र केवळ नऊ प्रश्नांचा. त्याच कामातला शोधाचा निकाल जास्त शिकवतो: एकेक निकाल पुढे सरकवत दाखवणारा शोध दिला तेव्हा गुण १२ वर आले, शोधाचे टूलच दिले नाही तेव्हा १५.७. एजंट प्रत्येक निकाल पाहत बसायचा आणि फेऱ्या संपायच्या. तिथे एरर एकही नव्हता, आज्ञा सगळ्या वैध होत्या.

म्हणून वर्णनाचे मोजमाप कॉलच्या पातळीवर करावे. प्रत्येक धावेच्या लॉगमधून एकेक टूल-कॉल वेगळा काढायचा आणि त्याच्यासमोर चार रकाने भरायचे: टूलची निवड बरोबर होती का, पॅरामीटर साच्यात बसले का, साच्यात बसूनही त्यांत भरलेली किंमत (मूल्य) चुकली का, आणि उत्तर मिळाल्यावर मॉडेलने ते नीट वाचले का. शेवटचा रकाना माणसाने भरावा लागतो, निदान सुरुवातीच्या शंभरेक कॉलसाठी. कापलेल्या उत्तराला पूर्ण समजून ‘हे फंक्शन फाइलमध्ये नाही’ असा निष्कर्ष मॉडेलने काढला, तर ते दुसऱ्या कुठल्याही रकान्यात दिसत नाही. यांखेरीज दोन आकडे हवेतच: पहिल्याच फटक्यात यशस्वी झालेल्या संपादनांचे प्रमाण, आणि एररनंतर सावरायला लागलेल्या फेऱ्या.

कॉल हजारोंनी असतात, त्यामुळे तीन टक्के आणि सहा टक्के यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो. एक दक्षता: एकाच प्रश्नातले कॉल एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एखादा एजंट एकाच फाइलवर वीस वेळा आपटला तर त्या वीस वेगळ्या चुका नव्हेत. खात्रीचा पट्टा काढताना कॉल नव्हे, अख्खे प्रश्न पुन्हा-पुन्हा नमुन्यात घ्यावेत.

ओळीला एक कसोटी

पूर्ण संच चालवणे महाग आहे: त्या एजंटच्या बऱ्याच यशस्वी धावांना शेकडो फेऱ्या आणि एक लाखाहून जास्त टोकन लागले होते. वर्णनाच्या एका ओळीसाठी तेवढे करण्याची गरज नाही. ती ओळ जिथे कामी यावी अशी छोटी परिस्थिती उभी करावी, प्रत्येक ओळीला आठ-दहा. फाइलमध्ये तीच ओळ चार ठिकाणी ठेवून त्यांतली तिसरी बदलायला सांगावी. ‘सीडी’ करून आतल्या फोल्डरमध्ये गेलेल्या अवस्थेत संभाषण सुरू करावे. आधीच असलेली फाइल ‘नव्याने लिही’ म्हणावे. दहा हजार ओळींची फाइल देऊन शेवटच्या भागातला प्रश्न विचारावा. प्रत्येक परिस्थिती ओळीसह आणि ओळीविना, प्रत्येकी किमान पाच वेळा.

काही परिस्थिती उलट्या बाजूच्याही हव्यात, म्हणजे ओळ लागू होत नाही तिथे ती अडथळा करते का हे पाहणाऱ्या. ‘पुरेसा संदर्भ घ्या’ वाचून मॉडेल एका शब्दाच्या बदलासाठी चाळीस ओळी ओल्ड-स्ट्रमध्ये घालू लागले, तर ‘अनेकदा सापडला’ कमी होईल आणि ‘सापडला नाही’ वाढेल, कारण लांब मजकुरात चुकायला जागा जास्त. वर्णनातल्या नमुन्यांनाही हीच कसोटी: ‘ओळ १० ते २५’ असा नमुना दिला असेल तर कॉलमध्ये १० आणि २५ हे आकडे अकारण डोकावतात का, ते मोजावे.

शांतपणे चुकणाऱ्या कॉलचे दुसरे उदाहरण अँथ्रॉपिकनेच २०२५ मध्ये नोंदवले. वेब-शोधाचे टूल सुरू केल्यावर क्लॉड शोधवाक्याला विनाकारण ‘२०२५’ जोडत होता. कॉल वैध, एरर नाही, फक्त निकाल एका बाजूला झुकलेले. ते टूलचे वर्णन बदलून सुधारले. असा दोष सापडण्याचा मार्ग एकच: पॅरामीटरच्या किमतींची वारंवारता काढणे आणि कुठला शब्द किंवा आकडा कामाशी संबंध नसताना वारंवार येतो ते पाहणे.

लॉग मॉडेललाच वाचायला देऊन त्याच्याकडून वर्णन पुन्हा लिहून घेण्याची रीत आता रूढ आहे आणि ती बऱ्यापैकी चालते. पण ज्या प्रश्नांचे लॉग त्याने वाचले त्यांवरच नवे वर्णन तपासले तर निकाल फुगतो. प्रश्नांचा एक हिस्सा सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवावा आणि सुधारणेच्या काळात त्याचे लॉग कोणीही उघडू नयेत.

मॉडेल बदलले की यादी पुन्हा

क्लॉड ४ साठीच्या संपादन-टूलमधून अनडू-एडिट ही आज्ञा काढून टाकण्यात आली. वर्णनातली तिची ओळ अर्थातच गेली. पण एखाद्या जुन्या सिस्टिम प्रॉम्प्टमध्ये ‘चुकल्यास अनडू करा’ असे वाक्य राहून गेले, तर मॉडेल अस्तित्वात नसलेली आज्ञा पाठवते आणि साच्यातच अडकते. टूलची आवृत्ती बदलताना वर्णन, प्रॉम्प्ट आणि एरर मेसेज या तिन्हींत जुन्या नावांचा शोध घ्यावा.

बाकीच्या ओळींसाठी छोट्या परिस्थितींचा संच नव्या मॉडेलवर जसाच्या तसा पुन्हा चालवावा. एखादी ओळ काढूनही तिच्या सर्व परिस्थितींत फरक पडत नसेल तर ती वर्णनातून काढावी, कारण वर्णन प्रत्येक फेरीला मॉडेलकडे जाते आणि त्याची जागा व पैसे दोन्ही मोजावे लागतात. परिस्थिती मात्र संचात ठेवावी. त्याच टूलवर उद्या वेगळे, लहान मॉडेल लावले तर तीच ओळ पुन्हा लागू शकते.